अळी आधी की लेख आधी?

१. मेळाव्यातला प्रश्न

कृषी मेळाव्यात किडींवरचं भाषण संपलं की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. ‘‘साहेब, अळी शेतात आल्यावर तुम्ही तिच्यावर लिहिता. ती यायच्या आधी का नाही लिहीत?’’ लोक हसतात, वक्ता काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

अमेरिकन लष्करी अळीचंच उदाहरण घेऊ. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्याच्या पोंग्यात ही अळी सापडली आणि त्याच हंगामात महाराष्ट्रातल्या मक्यावरही दिसू लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत भारतातल्या कीटकशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक शोधपत्रिकेत तिच्यावर लेख आले. २०१८ पूर्वीच्या भारतीय अंकांत मात्र ती शोधूनही सापडत नाही.

म्हणजे तिच्यावर कुणी लिहिलंच नव्हतं का? भरपूर लिहिलं होतं. या किडीचं शास्त्रीय वर्णन १७९७ सालचं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२८ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. १९७९ मध्ये ‘फ्लोरिडा एन्टोमॉलॉजिस्ट’ या शोधपत्रिकेत तिच्या जीवनक्रमाचा आढावा छापून आला. मादी अंडी कुठे घालते, अळी किती वेळा कात टाकते, कोष कुठे करते, पतंग किती दूर उडतो, हे सगळं आपल्याकडे ती येण्याच्या ३९ वर्षं आधी कागदावर होतं. २०१६ मध्ये अळी अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिकेत पोचली आणि ती बातमीही लगेच शोधपत्रिकेत छापली गेली. लेख आधी होता, पण दुसऱ्या खंडात आणि दुसऱ्यांसाठी लिहिलेला होता.

कोणत्या किडीवर कधी लिहिलं जातं, कोण लिहितं आणि काय लिहायचं राहून जातं, याचा एक साचा असतो. तो साचा मोजता येतो. हे प्रकरण त्या मोजणीबद्दल आहे.

२. शोधपत्रिका म्हणजे नेमकं काय

वर्तमानपत्रात बातमी छापायला संपादकाची संमती पुरते. शोधपत्रिकेत लेख आला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते प्रयोग तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात. लेखक उत्तरं देतो आणि मग लेख छापायचा की परत पाठवायचा, ते ठरतं. एखादं स्थळ आलं की दोन्हीकडचे नातेवाईक खोदून खोदून चौकशी करतात, तसंच हे. लेख पाठवल्यापासून छापून येईपर्यंत सहा महिने सहज जातात, कधी वर्षही जातं.

कीटकशास्त्राच्या शोधपत्रिका दोन वेगळ्या घरांत जन्मल्या, आणि पुढे त्यांच्यात काय छापलं गेलं हे बरंचसं त्या घरांवर ठरलं.

पहिलं घर छंदिष्टांचं. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ मध्ये तिची पत्रिका निघाली. पहिल्या संपादकांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. तो मूळचा साताऱ्यात जन्मलेला, ‘ई. एच. ए.’ या आद्याक्षरांनी लिहिणारा, पोटापाण्यासाठी मीठ आणि जकात खात्यात नोकरी करणारा. त्याच्यासोबत जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल. या तिघांनी कारवारच्या जंगलात फुलपाखरांच्या अळ्या घरी आणून वाढवल्या, कोणती अळी कोणत्या झाडाचं पान खाते ते टिपलं आणि १८९० च्या दशकात पत्रिकेत छापलं. पुढे बेलने १९०९ पासून जवळजवळ दोन दशकं या विषयावर लेखमाला चालवली. यातल्या कुणालाही कीटकांवर लिहिण्याचा पगार मिळत नव्हता.

दुसरं घर सरकारी. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत ‘इम्पीरियल एन्टोमॉलॉजिस्ट’ असं पदच होतं. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या अधिकाऱ्याने १९०६ मध्ये भारतातल्या पिकांवरच्या किडींचं पुस्तक काढलं. या घरात कीटकाची ओळख नुकसान करणारा म्हणूनच होती. १९३४ च्या बिहार भूकंपात पुसाची इमारत कोसळली आणि संस्था दिल्लीला हलली. एन्टोमॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९३८ मध्ये स्थापन झाली. ‘इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी’ ही तिची पत्रिका १९३९ पासून निघते आहे.

पत्रिकेत काय छापून येतं, त्याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. बेलच्या लेखात झाडाचं पान खाणारी अळी हे फुलपाखराचं बालपण असतं. पुसाच्या अहवालात पान खाणारी अळी म्हणजे एकरी घटलेलं उत्पन्न. कीटक एकच, पण प्रश्न वेगळे म्हणून लेखही वेगळे.

३. लेख मोजायचे कसे

ग्रंथालयातली आकडेवारी हे एक शास्त्रच आहे असं आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये सुचवलं होतं. पुढे १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन प्रिचर्ड यांनी त्याला नवं नाव दिलं. मराठीत त्याला ग्रंथमिती म्हणतात. त्यामागची कल्पना फार सोपी आहे. लेखात काय म्हटलंय ते बाजूला ठेवायचं, आणि लेख हा गावातल्या जनगणनेतला माणूस समजून त्याची नोंद करायची. जन्म कधी, गाव कुठलं, सोबत कोण, धंदा काय.

हातात एका कीटक-पत्रिकेचे वर्षभराचे चार अंक आहेत असं समजू. लेख शंभर आहेत, आणि हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येक लेखासाठी वहीत एक ओळ आखायची. पहिल्या रकान्यात कीटक, दुसऱ्यात पीक किंवा जागा, तिसऱ्यात लेखाचा प्रकार, चौथ्यात लेखकांची संख्या, पाचव्यात त्यांचं गाव. शंभर ओळी भरल्या की रकाने उभे वाचायचे. पिकांच्या रकान्यात कापूस, भात, हरभरा, भाजीपाला एवढ्यांनीच साठ जागा अडवल्या, तर तो कल समजायचा. तीच वही वीस वर्षांपूर्वीच्या अंकांसाठी भरून शेजारी ठेवली की बदल दिसतो.

यात खरी मेहनत तिसऱ्या रकान्याची आहे. भारतीय कीटक-पत्रिका उघडली की काही प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. अमुक कीड अमुक राज्यात प्रथमच आढळली, ही नोंद. तिचं जीवनचक्र किती दिवसांचं, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं. आठवड्यागणिक तिची संख्या आणि पाऊस, तापमान, आर्द्रता यांचा संबंध. सात-आठ कीटकनाशकं वेगवेगळ्या वाफ्यांवर फवारून कोणतं चाललं, ही चाचणी. कोणत्या वाणावर कीड कमी येते, ही छाननी. आणि मोजक्या पानांत एखाद्या नव्या जातीचं वर्णन. या प्रकारांची नावं लक्षात ठेवा, पुढच्या भागात ती एकामागोमाग येणार आहेत.

४. लोकरी माव्याच्या लाटा

२००२ च्या पावसाळ्यात सांगली भागातल्या उसाची पानं खालून पांढरी दिसू लागली. कापूस पिंजून चिकटवावा तसा थर होता. हा लोकरी मावा. त्याच्या अंगातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची आणि ऊस काजळी फासल्यासारखा दिसायचा. ईशान्येकडच्या राज्यांत ही कीड आधीपासून ठाऊक होती, पण पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या शेतकऱ्याला ती नवी होती. बघता बघता ती पट्टाभर पसरली.

शोधपत्रिकांत तिचा प्रवास कसा झाला ते पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेक नव्या किडींचा प्रवास याच वाटेने होतो.

पहिली लाट नोंदींची. ‘आमच्याकडेही आली’ असं प्रत्येक भागाने कळवलं. हे वाचायला कंटाळवाणं वाटतं आणि काही संपादक अशा नोंदींना नाकही मुरडतात. मला ते पटत नाही. कीड कोणत्या महिन्यात कुठे पोचली याचा नकाशा नंतर याच दोन-दोन पानी नोंदींवरून काढता येतो, दुसरा पुरावा नसतो.

दुसरी लाट फवारणीची. शेतकरी दारात उभा असतो, कारखान्याला चिंता असते, सरकारला शिफारस हवी असते. कीटकनाशकाची चाचणी एका हंगामात होते, म्हणून ती आधी छापून येते.

तिसरी लाट मित्रकीटकांची, आणि लोकरी माव्याच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. माव्याच्या वसाहतींत त्यालाच खाणारी एक अळी सापडली. शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी पुढे ‘डिफा’ हे नाव वापरलं, पण उसाच्या पट्ट्यात ती ‘कोनोबाथ्रा’ म्हणूनच घराघरांत पोचली. तिच्या जोडीला मायक्रोमस हा दुसरा भक्षक. शेतकऱ्यांनी पानं कापून, मित्रकीटकांसकट एका शेतातून दुसऱ्यात नेली. पुढे एन्कार्सिया ही बारीक परोपजीवी गांधीलमाशी ईशान्येकडून आणून सोडली गेली. माव्याचा जोर ओसरला तो प्रामुख्याने या कीटकांमुळे. पण पत्रिकेत हे लेख फवारणीच्या लेखांनंतर आले, कारण भक्षक कीटक वाढवायला, सोडायला, पुन्हा मोजायला वेळ लागतो.

चौथी लाट वाणांची आणि हवामानाची. तोवर कीड आटोक्यात आलेली असते आणि लेखांची संख्याही उतरते. कीड अजून शेतात असते, फक्त तिच्यावरचं नवं लिखाण थांबतं.

या लाटांचा क्रम ज्ञानाच्या गरजेपेक्षा वेळेच्या हिशोबाने लागतो. जे काम एका हंगामात पुरं होतं ते आधी छापतं, ज्याला तीन वर्षं लागतात ते मागून येतं. शेतकऱ्याच्या हाती शिफारस मात्र पहिल्या वर्षीच पडते. म्हणजे ज्या लाटेचा अभ्यास अजून व्हायचा आहे, तिच्याविना ती शिफारस तयार झालेली असते.

५. दोन वर्षांची पदवी आणि हुमणी

वेळेचा हा हिशोब कुठून येतो? बऱ्याच अंशी पदवीच्या मुदतीतून.

भारतातल्या कृषी कीटकशास्त्राचे कितीतरी लेख विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून जन्मतात. एम.एस्सी. (कृषी) दोन वर्षांची असते. त्यातला अभ्यासक्रम वजा केला की शेतावरच्या कामाला एखादा किंवा फार तर दोन हंगाम उरतात. या मुदतीत माव्याचा अभ्यास आरामात होतो, कारण मावा आठवड्या-दहा दिवसांत एक पिढी उरकतो. एका हंगामात विद्यार्थ्याला दहा-बारा पिढ्या बघायला मिळतात.

आता हुमणीचा विचार करा. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे जमिनीतून वर येतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते आणि मग वर्षभराचं जगणं मातीत, मुळांजवळ. पिढी एका वर्षाची. दोन वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याला हुमणीच्या फार तर दोन पिढ्या दिसतात आणि त्याही खोदून काढाव्या लागतात. ऊस, भुईमूग आणि सोयाबीन उत्पादकाला विचारलं तर तो हुमणीचं नाव आधी घेईल. पण अभ्यासाला सोपी ती कीड लेखांत पुढे असते.

हा दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रबंध वेळेत दिला नाही तर शिष्यवृत्ती थांबते. पण याचं उत्तरही अवघड नाही. एकाच शेतातल्या हुमणीची वही एका विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे सोपवायची आणि दहा वर्षांनी तिघा-चौघांच्या नावाने एक लेख लिहायचा. असे लेख फार थोडे आहेत, आणि ते वाढावेत असं मला मनापासून वाटतं.

गाव आणि पीक यांचंही असंच नातं. दापोलीहून आंब्याच्या तुडतुड्यांवर आणि काजूच्या ढेकण्यावर लेख येतात, अकोला-परभणीहून कपाशी-सोयाबीनवर. लेखकाचा पत्ता वाचून विषयाचा अंदाज करावा आणि तो बरोबर निघावा, इतकं हे पक्कं आहे.

६. कपाशीच्या लेखांत दिसणारी पंचवीस वर्षं

एकाच पिकावरचे लेख तारखेप्रमाणे मांडले की त्यात देशाचा शेतीइतिहास दिसतो. कपाशी त्यासाठी सगळ्यात चांगली.

१९९० च्या दशकात कपाशीवरचं लेखन हिरव्या बोंडअळीभोवती फिरतं. हरभऱ्यात तीच घाटे अळी. कीटकनाशकं तिच्यावर चालेनाशी झाली होती आणि ही प्रतिकारशक्ती हाच लेखांचा मोठा विषय होता. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं दुसरं वाण आलं. बोंडअळीसाठीची फवारणी कमी झाली आणि तिच्या आडून तोवर मरणारे रसशोषक कीटक डोकं वर काढू लागले. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, आणि त्यांच्यात नव्याने दाखल झालेला पिठ्या ढेकूण. लेखांचा मोर्चा बोंडाकडून पानाकडे वळला.

मग गुलाबी बोंडअळी परतली. पहिल्या जनुकाला ती दाद देत नाही असं गुजरातमध्ये २००८ च्या हंगामात दिसलं, पुढच्या दशकात दुसऱ्या जनुकालाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडं आतून पोखरली, आणि पत्रिकांची पानं पुन्हा बोंडाकडे वळली.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटक-पत्रिकांतल्या फवारणी-चाचण्यांचे लेख पुन्हा काढून पाहा. तक्त्यात किती टक्के अळ्या मेल्या, किती बोंडं वाचली, उत्पन्न किती वाढलं, खर्चाला नफा किती, मित्रकीटक किती उरले, असे रकाने असतात. पाठीवर पंप घेऊन कमरेएवढ्या-डोक्याएवढ्या कपाशीतून चाललेल्या माणसाच्या अंगावर किती औषध पडलं, हा रकाना सहसा नसतो. ‘तो आमचा विषय नाही, वैद्यकाचा आहे’ असं उत्तर मिळेल. पण त्या वाफ्यांत पंप घेऊन फिरणारा माणूस हजर असतोच. एक रकाना वाढवायला नवी प्रयोगशाळा लागत नाही.

७. लिहितं कोण?

आता लेखाकडून लेखकाकडे येऊ. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका या अमेरिकन गणितज्ञाने रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्रातल्या लेखकांची गणती केली. भक्ष्य आणि भक्षक यांची संख्या एकमेकांमागे कशी वरखाली होते, हे सांगणारी समीकरणं याच लोटकाच्या नावाने ओळखली जातात. कीटकशास्त्राचा विद्यार्थी त्याला तिथे भेटतो, त्याने लेखकही मोजले हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लोटकाला असं दिसलं की एकच लेख लिहिणारे शंभर असतील तर दोन लेख लिहिणारे सुमारे पंचवीस, तीन लिहिणारे अकरा, चार लिहिणारे सहा असतात. संख्येचा वर्ग करा आणि त्याने शंभराला भागा. दोनाचा वर्ग चार, शंभर भागिले चार पंचवीस. तिनाचा वर्ग नऊ, उत्तर अकरा. या हिशोबाने एकूण लेखकांपैकी सुमारे साठ टक्के जण आयुष्यात एकच लेख लिहून थांबतात. गावच्या भजनी मंडळात जसे एकदाच येऊन गेलेले पुष्कळ आणि दर एकादशीला हजर असणारे मोजके, तसंच. कीटक-पत्रिकांत एकदाच लिहिणाऱ्यांमध्ये पदवी घेऊन बँकेत, बियाणे कंपनीत किंवा कृषी खात्यात गेलेला विद्यार्थी बसतो. त्याचं ज्ञान वाया गेलं असं समजू नये, ते तालुक्याच्या ठिकाणी कामाला आलेलं असतं.

जोडीने लिहिण्याचंही माप आहे. समजा वर्षात चाळीस लेख आले आणि त्यांतले चार एकट्याने लिहिलेले आहेत. उरलेले छत्तीस भागिले चाळीस म्हणजे ०.९. हा आकडा एकाच्या जितका जवळ तितकं लेखन सामुदायिक. बेलच्या काळात एकट्याचे लेख सर्रास होते. आज कृषी कीटकशास्त्रात एकट्याचा लेख दिसला तर लक्ष जातं. विद्यार्थी, मार्गदर्शक, संख्याशास्त्र बघणारा, जनुकीय तपासणी करून देणारा अशी चार-पाच नावं साधारण असतात. अळी ओळखायलाही आता डोळ्याबरोबर डीएनएचा तुकडा वाचावा लागतो आणि तेवढं सगळं एका माणसाला येत नाही.

८. दोन वर्षांचा प्रभावांक आणि शंभर वर्षांचं फुलपाखरू

पत्रिकेचं वजन ठरवण्यासाठी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे प्रभावांक वापरतात. समजा एका पत्रिकेने २०२२ आणि २०२३ मिळून दोनशे लेख छापले. २०२४ मध्ये जगभरातल्या इतर लेखांनी या दोनशेंचा मिळून १६० वेळा उल्लेख केला. १६० भागिले २०० म्हणजे ०.८, हा २०२४ चा प्रभावांक. आपल्या कृषी विद्यापीठांत याच्या जोडीला राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे गुण चालतात, ज्याला सगळे ‘नास रेटिंग’ म्हणतात. मुलाखतीला, बढतीला तेच विचारलं जातं. म्हणून लेखक आधी रेटिंग बघतो, मग पत्रिका, आणि कधी कधी त्यावरून विषयही.

अडचण दोन वर्षांच्या मुदतीत आहे. पश्चिम घाटातल्या कोणत्या फुलपाखराची अळी कोणत्या झाडावर वाढते याची यादी करणाऱ्याला आजही बेलचे शंभर वर्षांपूर्वीचे लेख उघडावे लागतात. प्राण्यांची शास्त्रीय नावं ज्या ग्रंथापासून मोजतात तो लिनियसचा ग्रंथ १७५८ सालचा. वर्गीकरणाचं लेखन असं सावकाश आणि दीर्घ काळ वापरलं जातं. आंब्याच्या झाडाला मेथीच्या जुडीचा हिशोब लावावा, तसा हा प्रभावांक त्याला लागतो.

हे २०२० मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. न्यूझीलंडहून निघणारी ‘झूटॅक्सा’ ही पत्रिका २००१ पासून चालू आहे आणि जगात दरवर्षी वर्णन होणाऱ्या नव्या प्राणिजातींपैकी मोठा वाटा एकटी छापते. तिच्यातले लेख तिच्यातल्याच जुन्या लेखांचा उल्लेख फार करतात म्हणून प्रभावांक देणाऱ्या कंपनीने तिचं नाव यादीतून काढलं. पण नव्या जातीचं वर्णन करताना तिच्या जवळच्या जातींची जुनी वर्णनं सांगावीच लागतात, आणि ती त्याच पत्रिकेत छापलेली असतील तर करायचं काय? जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी आवाज उठवला आणि काही आठवड्यांत नाव परत आलं. दरम्यान वर्गीकरणाकडे वळू पाहणाऱ्या कितीतरी तरुणांना समजलं असेल की आपल्या कामाचं वजन करायचा काटाच दुसऱ्या मालासाठी बनवलेला आहे.

भारतात आजवर साठ हजारांहून अधिक कीटकजातींची नोंद झाली आहे. पिकांवरच्या गंभीर किडी त्यात काही शेकडा. लेखांची गर्दी त्या शेकड्यांवर आहे, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांचं एक वर्णन सोडलं तर त्यांच्यावर दुसरा शब्द नाही.

९. दवाखान्यातली रांग

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. छापलेले लेख मोजून निसर्गाबद्दल निष्कर्ष काढता येतो का?

२०१९ मध्ये ७३ जुने अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. जगातल्या सुमारे चाळीस टक्के कीटकजाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत असं त्याने सांगितलं आणि वृत्तपत्रांनी ते पहिल्या पानावर घेतलं. मग इतर अभ्यासकांनी एक साधी गोष्ट दाखवली. लेख शोधताना ‘कीटक’ या शब्दासोबत ‘घट’ हा शब्दही टाकलेला होता. दवाखान्याच्या रांगेतली माणसं मोजून गावातले सगळेच आजारी आहेत असं म्हणण्यासारखं हे झालं. ज्यांनी घट झाली नाही असं पाहिलं त्यांचे लेख रांगेत नव्हतेच. शिवाय बदल दिसला नाही असा निकाल छापायला पाठवण्याचा उत्साह लेखकालाही कमी असतो आणि घेण्याचा संपादकालाही. फवारणी-चाचणीतही हेच होतं. सातही औषधं सारखीच चालली, तर तो प्रयोग बहुधा कपाटात राहतो.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ‘सायन्स’मध्ये १६६ दीर्घकालीन पाहण्यांचा आढावा आला. त्यात घट आणि वाढ दोन्ही मोजली होती. जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्के कमी होत होते, गोड्या पाण्यातले सुमारे ११ टक्के वाढत होते. चित्र गंभीरच होतं, पण एकरंगी नव्हतं. आणि या पाहण्यांतल्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या होत्या.

या दोन्ही आढाव्यांच्या आधी एक लेख आला होता, त्याचं मला फार अप्रूप आहे. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातली कीटकप्रेमींची जुनी मंडळी १९८९ पासून राखीव जागांमध्ये तंबूसारखे सापळे लावत होती. सापळ्यातले सगळे कीटक, नावं न निवडता, अल्कोहोलच्या बाटल्यांत जपून ठेवत आणि त्यांचं वजन करून लिहून ठेवत. त्रेसष्ट जागा, सत्तावीस वर्षं. २०१७ मध्ये तो हिशोब छापला गेला, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलेलं निघालं. बाटल्या भरायला सुरुवात केली तेव्हा या मंडळींना कोणताही निष्कर्ष काढायचा नव्हता. ते भरत राहिले, एवढंच.

आपल्याकडेही भात संशोधन केंद्रांवर प्रकाश सापळे असतात. रात्री दिवा लागतो, त्याखाली भांडं. सकाळी माणूस येतो, भांड्यातलं सगळं पांढऱ्या कागदावर ओततो. खोडकिडीचे पतंग किती, तुडतुडे किती, गादमाशा किती, हे मोजून वहीत उतरवतो. ही वही फार मोलाची आहे, तिच्यावरून कितीतरी लेख लिहिले गेले आहेत. कागदावर मग बाकीचे उरतात. छोटे भुंगे, पाणकिडे, पारदर्शक पंखांच्या बारीक गांधीलमाश्या, नाव नसलेले मातकट पतंग. त्यांच्यासाठी वहीत रकाना नसतो. कागद झटकला जातो आणि भांडं रात्रीसाठी पुन्हा जागेवर ठेवलं जातं.